मेणाच्या चाळीस वड्या

१

गुरुवारी सकाळी बुगोयोच्या मिशन इस्पितळातलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा कुलूप शाबूत होतं, आतल्या वह्या शाबूत होत्या, फक्त बुटाचं एक खोकं नव्हतं. खोक्यात मेणाच्या चाळीस वड्या होत्या, आणि प्रत्येक वडीत एकेका पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. असला ऐवज बाजारात फुकट वाटला तरी कुणी हात लावणार नाही. तरीही मदर कन्सोलातांनी प्रार्थना अर्धी सोडली आणि इसाबिर्येला बोलावणं धाडलं.

इसाबिर्ये गुन्हे शाखेत अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेला. तो दारात उभा राहिला की चोर आपणहून कबूल होत, असं लोक म्हणत. त्यातली निम्मी थाप होती आणि ती त्यानंच पसरवली होती. आता तो काठी टेकत आला आणि इस्पितळाच्या तीन पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात उतरला होता. खोक्यातली सतरा नंबरची वडी त्याचीच होती.

"तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता," मदर म्हणाल्या. "पण पोलिसांना सांगितलं तर ते हसतील."

"हसू देत. किल्ल्या किती?"

"तीन. डॉक्टर किरुंदा, नर्स कागोया आणि वड्या पाडणारा बालिकोवा."

या चाळीस वड्यांनी गेल्या चार महिन्यांत बुगोयोत काय अनर्थ केला होता ते सांगायला हवं. हा रोग एखाद्या विषाणूमुळे होतो का, हे शोधायचं डॉक्टर किरुंदांच्या मनात होतं. त्यांनी प्रत्येक वडीचे पापुद्रे काढून राजधानीतल्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं, चाळिसांपैकी एकतीस जणांत विषाणू आहे, आणि तो बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाला कर्करोग करतो तोच. मग एकतीस घरी पत्रं गेली. पत्रात लिहिलं होतं, 'संबंध असू शकतो.' घरी पोचेपर्यंत त्यातलं 'असू शकतो' वाटेतच गळून पडलं. विषाणू आला कुठून? बायकोकडून. लोकांनी निकाल लावून टाकला.

इसाबिर्येच्या घरी तो निकाल त्याच्या थोरल्या भावानं, कायिमानं, कुळाच्या माणसांना जमवून वाचून दाखवला. नाइगागानं चौतीस वर्षं संसार केला होता. तिला त्याच दिवशी भावाकडे पाठवलं. कायमची फारकत करायची तेवढी राहिली होती. ती झाली असती तर उद्या इसाबिर्ये मेल्यावर तिला त्याच्या मातीलाही येता आलं नसतं. आणि तो उद्या फार लांब नव्हता.

एकच आशा होती. सोमवारी राजधानीतून माणसं येऊन वड्या पुन्हा तपासणार होती. तोवर थांबायला कायिमा नाइलाजानं कबूल झाला होता.

इसाबिर्ये कपाटासमोर उभा होता तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बुगोयोत बातमी माणसापेक्षा आधी पोचते.

"खोकं गेलं म्हणतात," कायिमा म्हणाला. "मग आता थांबायचं कशासाठी? रविवारी कुळाची सभा, फारकत उरकून टाकू. तू ये, नाहीतर आम्ही तुझ्या अंगणात येतो."

२

डॉक्टर किरुंदा खुर्चीत बसले होते, पण बसल्यासारखे दिसत नव्हते.

"साहेब, माझी दोन वर्षं त्या खोक्यात होती. परदेशात निबंध वाचायला बोलावलंय मला. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेईन का?"

"पुन्हा तपासल्यावर काही निघालं नाही तर निबंध बुडेल. खोकंच हरवलं तर तो तरंगत राहील."

किरुंदांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणणार नाही. काल रात्री आलं होतं. आणि आज सकाळी कपाट रिकामं. मला स्वतःचीच भीती वाटली."

खोटं बोलणारा माणूस एवढं उघड्यावर आणत नाही, असं इसाबिर्येला वाटलं. पण असं वाटायला लावणारे दोन-तीन महाबिलंदर त्यानं आयुष्यात पाहिले होते. त्यानं निकालांचा तक्ता मागून घेतला. चाळीस माणसं वयाच्या क्रमानं लावलेली होती, सर्वांत तरुण वर, सर्वांत म्हातारा खाली.

"त्या कपाटात बायकांच्या वड्यांचंही एक खोकं आहे ना?"

"आहे. शेजारीच. त्याला कुणी हात लावलेला नाही."

कागोया औषधांच्या खोलीत गोळ्या मोजत होती. तो आत गेला तरी तिनं मान वर केली नाही.

"मला माहीत होतं तुम्ही माझ्याकडे येणार. पत्रं मीच वाटली ना."

"तुझ्या मेहुण्याचंही होतं त्यात."

"तेही मीच नेलं. तो म्हणाला, मला चष्म्याशिवाय दिसत नाही, तूच वाच. मी वाचलं. माझी बहीण मुतेसी तिथेच मासे साफ करत होती. बाराव्या दिवशी ती तळ्यात सापडली." तिनं गोळ्यांची बाटली बंद केली. "बाकी काही विचारायचंय?"

"खोकं तू घेतलंस?"

"मी घेतलं असतं तर सरळ चुलीत घातलं असतं. आणि तुम्हाला बोलावून ती चूल दाखवली असती."

तिच्यावर त्यानं विश्वास ठेवला. पण मुतेसीच्या जागी त्याला नाइगागा दिसली. नाइगागाच्या भावाचं घरही तळ्याच्या काठालाच होतं.

"राहिला बालिकोवा," तो म्हणाला.

"बालिकोवादादा? ते इस्पितळातला सुतळीचा तुकडासुद्धा घरी नेत नाहीत. साहेब, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

३

बालिकोवा तीस वर्षं त्याच खोलीत काम करत होता. माणसांचे तुकडे यायचे, तो ते पातळ मेणात मुरवायचा, वडी पाडायचा, वडीचे पापुद्रे काढून काचेवर चढवायचा. किरुंदा ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. इतर इस्पितळांत मेण संपलं की तुकडे महिनोन्‌महिने बाटल्यांत पडून राहायचे. बुगोयोत असं कधीच झालं नाही, आणि गेल्या नाताळात मदरनी सगळ्यांसमोर बालिकोवाला त्याबद्दल शाल घातली होती.

"या साहेब, बसा. स्टूल देऊ?"

"बसलो तर उठता येत नाही."

बालिकोवाचे हात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेले होते आणि ते त्यातून बाहेर येत नव्हते. स्टोव्हवर ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, एवढं चकचकीत की दुकानदाराची चिकटपट्टीसुद्धा अजून तशीच होती.

"नवीन?"

"जुन्याला भोक पडलं."

"कधी?"

"परवा. नाही, काल."

"मेण येत नव्हतं तेव्हा काम कसं चालवलंस इतकी वर्षं?"

"काटकसर केली," बालिकोवा म्हणाला, आणि तो शब्द तोंडातून निसटू द्यायचा नव्हता असा चेहरा करून खाली बघू लागला.

इसाबिर्येनं पुढे काही विचारलं नाही. नमुन्यांची नोंदवही काखेत मारली आणि घरी आला. घरात कुणी नव्हतं. शेजारणीनं झाकून ठेवलेली उकडलेली केळी आणि शेंगदाण्याचं कालवण होतं, त्याला वास सहन झाला नाही. शुक्रवारी सकाळी दुखणं इतकं वाढलं की तो पलंगावर पालथा पडला, हनुवटीखाली उशी घेतली आणि वही जमिनीवर उघडून ठेवली. ओरडावंसं वाटत होतं. ऐकायला कुणी नाही म्हणून ओरडला नाही.

कुठल्याही गुन्ह्यात आधी तारखा एका रांगेत लावायच्या, ही त्याची जुनी सवय. किरुंदांनी माणसं वयानं लावली होती. त्यानं तोच तक्ता फोडून, तुकडा कुठल्या तारखेला आला त्या क्रमानं नावं लिहायला घेतली. ज्याच्यात विषाणू नाही त्याच्यापुढे शून्य, ज्याच्यात आहे त्याच्यापुढे फुली.

शून्य. शून्य. शून्य. नऊ नावं झाली, नऊ शून्यं. दहावी फुली. अकरावी फुली. मग फुल्याच फुल्या, चाळिसाव्यापर्यंत एकसुद्धा शून्य नाही. सतराव्या नावापुढे, स्वतःच्या, त्यानं फुली जरा लहान काढली.

तो कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. तरुण, म्हातारे, कोळी, शिक्षक, एक बायको असलेले, तीन असलेले, सगळे दोन्ही बाजूंना होते. रोग माणसांना असं नंबर लावून गाठत नाही. दहावा नंबर लागायच्या आधी काहीतरी बदललं होतं, आणि ते माणसांत बदललं नव्हतं.

त्यानं वहीत नवव्या नावाचं पान काढलं. समासात बालिकोवाच्या गोलसर अक्षरात एक बारीक ओळ होती. 'ईस्टर. नव्या मेणाचा डबा संपला.'

४

शनिवारी सकाळी मदरच्या जीपमधून इसाबिर्ये, किरुंदा आणि कागोया बालिकोवाच्या घरी गेले. बालिकोवाच्या बायकोनं रताळी पुढे ठेवली. कुणी खाल्ली नाहीत.

"बालिकोवा, मी बोलतो, तू फक्त चुकलं तर सांग," इसाबिर्ये दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला. "चोराला प्रोस्टेटच्या वड्या हव्या होत्या असं आम्हाला वाटलं. पण त्याच वेळी तुझं जुनं पातेलंही गेलं. पातेल्यात कुणाचा तुकडा नसतो, मेण असतं. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला मेणाची भीती होती. डबा संपल्यावर नवं मेण आलं नाही. तरी तू एक दिवसही थांबला नाहीस. मेण कुठून आणलंस?"

बालिकोवानं बायकोकडे पाहिलं. ती आत गेली.

"सोमवारी बायकांचा दवाखाना असतो," तो सावकाश म्हणाला. "गर्भाशयाच्या तोंडाचे तुकडे येतात. मेणातून काढून झाले की ते मेण मी ओतून घ्यायचो, गरम करायचो आणि गाळायचो. मदरनी दिलेलं जुनं डोक्यावरचं कापड होतं, स्वच्छ धुतलेलं. चहा गाळतो तसं. बुधवारी पुरुषांच्या तुकड्यांना तेच मेण. दिसायला अगदी नितळ असायचं."

"तू मेण पुन्हा वापरलंस?" किरुंदांचा आवाज फाटला. "मला सांगितलं नाहीस?"

"डॉक्टर, मदरनी शाल घातली तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या तुम्ही वाजवल्यात. मेण कुठून येतं हे तुम्ही तरी कधी विचारलंत?"

किरुंदांनी चष्मा काढून हातात धरला.

"तुला कळलं कधी?" इसाबिर्येनं विचारलं.

"पंधरा दिवसांपूर्वी. तुमचं चालणं बघवेना, म्हणून तुमची काच पुन्हा काढून बघितली. कडेला एक कण होता. तसला कण पुरुषाच्या त्या ग्रंथीत नसतो. मग बाकीच्या काचा बघितल्या. कुठे होता, कुठे नव्हता, पण मला समजलं. सोमवारी माणसं येणार, सगळं उघडं पडणार. मुतेसीचं नाव डोक्यातून जाईना. पातेलं आणि कापड तळ्यात टाकलं."

"आणि खोकं?"

बालिकोवा उठला, धान्याच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि चादरीत गुंडाळलेलं खोकं बाहेर काढलं. "ते टाकवलं नाही. माणसं आहेत ती. त्यात तुम्ही आहात, साहेब."

तासाभरात चौघेही इस्पितळात होते. किरुंदांनी सतरा नंबरची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावला.

"हा कण मी तेव्हाही पाहिला होता," ते म्हणाले. "असे उडून आलेले कण रोज दिसतात. आम्ही सोडून देतो. आमच्या धंद्यात सगळेच सोडून देतात." ते बाजूला झाले. "बघा."

इसाबिर्येनं वाकून पाहिलं. गुलाबी रंगात जांभळे ठिपके, आणि कडेला माशाच्या खवल्यासारख्या चपट्या पेशींचा एक चुकार पुंजका.

"ही कोण?"

"एखाद्या सोमवारची कुणीतरी बाई. नाव कळणार नाही. विषाणू तिचा. डोळ्याला कण नाही दिसला तरी मेणात तो उतरलेला असणार, आणि राजधानीतलं यंत्र एवढं तिखट की लेशमात्र असला तरी पकडतं. सोमवारी नवं मेण, जुनं मेण, तुकडा न घालता पाडलेली वडी, सगळं तपासायला लावतो. पण मला आता शंका नाही."

"मग हा रोग विषाणूमुळे होतो की नाही?"

"होत असेल, नसेलही. अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही. आपल्या खोक्यातून तर ते कधीच कळणार नाही."

कागोया भिंतीशी उभी होती. "म्हणजे माझ्या मेहुण्यात काही नव्हतं. मुतेसीनं त्याला काही दिलं नव्हतं."

"वडीत होतं ते मेणातलं," किरुंदा म्हणाले. "पत्र चुकीचं होतं. सगळी पत्रं चुकीची होती."

ती बालिकोवाकडे वळली. तो मार खायला तयार असल्यासारखा उभा राहिला. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा डॉक्टरांकडे तोंड केलं.

"नवी पत्रं तुम्ही लिहा. पण या वेळी मी नेणार नाही. तुम्ही स्वतः जायचं, दोघांनी मिळून, आणि दारात उभं राहून वाचायचं. तीस घरं आहेत. एकतिसाव्या घरी ऐकायला ती उरलेली नाही."

५

किरुंदांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेला कागद घेऊन इसाबिर्ये त्याच दुपारी तळ्याकाठच्या गावात उतरला. जीपच्या धक्क्यांनी त्याचा जीव कासावीस झाला होता, पण सभा उद्यावर आली होती आणि त्याच्याकडे दुसरा दिवस नव्हता.

नाइगागा ओट्यावर भुईमूग सोलत होती. ती उठून उभी राहिली. रीतीप्रमाणे नवऱ्यापुढे गुडघ्यावर बसली नाही. तिच्या भावानं, मुलोंडोनं, स्टूल आणलं आणि मुलांना घेऊन अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"वाळलात," ती म्हणाली.

"कागद आणलाय."

तिनं हात पुढे केला नाही. म्हणून त्यानं तोंडानं सांगितलं, सगळं, मेण, पातेलं, मदरचं कापड, काचेवरचा कण. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"त्या बाईचं काय झालं?"

"कुठल्या?"

"तुमच्या तुकड्याला जी चिकटली होती तिचं. ती बरी झाली का?"

"माहीत नाही. तिचं नाव कुणालाच माहीत नाही."

"हं." तिनं सुपातली टरफलं बाजूला केली. "म्हणजे मी सुटले. कागदानं धरलं आणि कागदानंच सोडलं."

"नाइगागा, तू निर्दोष आहेस. उद्या मी सगळ्यांसमोर..."

"मी निर्दोष आहे हे मला माहीत होतं. इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी भावजयीला घेऊन दवाखान्यात गेले आणि तपासून घेतलं. माझ्यात तो विषाणू नाही. चिठ्ठी पेटीत आहे."

पोलिसाचं डोकं आजारातही चालतं. ही चिठ्ठी तेव्हाच हाती आली असती तर त्याला शंका आली असती, त्यानं तारखा तेव्हाच लावल्या असत्या आणि मुतेसी कदाचित वाचलीही असती. चार महिने तो सोमवारच्या माणसांची वाट बघत बसला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का?" तिचा आवाज चढला नाही. "अठ्ठावीस वर्षं चोरांच्या जबान्या घेतल्यात. खिसेकापूलासुद्धा पाणी देऊन विचारायचात, बाबा, तुझं काय म्हणणं आहे. या वेळीही डॉक्टरला विचारलंत, नर्सला विचारलंत, मेणवाल्याला विचारलंत. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. कायिमा वाचत होता आणि तुम्ही चटईकडे बघत होतात."

"मला ताप होता," तो म्हणाला. एवढी लंगडी सबब एखाद्या आरोपीनं सांगितली असती तर तो हसला असता.

"उद्या काय सांगणार आहात सभेत?"

"मेणाची चूक होती म्हणून."

"मेणाची सांगाल. आणि तुमची?"

मुलोंडोची मुलं बोलायची थांबली होती. इसाबिर्येनं डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात घातला. अजून रिकामंच असलेलं स्टूल मागे सारलं. दोन्ही हातांनी काठी धरून जमेल तेवढा ताठ उभा राहिला. लोकांच्या जबान्या त्यानं हजारो वेळा लिहून घेतल्या होत्या, त्यामुळे सुरुवात कशी करायची हे त्याला माहीत होतं.

"माझं नाव इसाबिर्ये. वय अडुसष्ट. चार महिन्यांपूर्वी माझ्या घरातून माझ्या बायकोला बाहेर काढलं, तेव्हा मी तिथे हजर होतो. तिनं काही केलेलं नव्हतं. केलंय असं मला वाटतही नव्हतं. मी मरणाला भ्यालो होतो आणि कुणावर तरी दोष ढकलला गेला, त्याचं मला बरं वाटलं." तो थांबला. त्याच्या मानेवर घाम आला होता. "ताप होता, पण मला बोलता येत होतं. मी बोललो नाही."

कोंबडी सुपाशी आली, तिला कुणी हाकललं नाही.

"उद्या कायिमासमोर हेच म्हणा," नाइगागा म्हणाली. "यातला एक शब्दही बदलू नका. मी ऐकायला येते. पुढचं पुढे."

मग तिनं भावाला सांगितलं की सकाळी लवकर निघायचं आहे, आणि नवऱ्याच्या हाताला धरून त्याला स्टुलावर बसवलं.